चुका खाली लिहायच्या

पाशामियाँच्या हाताखालून गेला नाही असा पन्नाशीतला कारकून लातूरच्या आसपास शोधूनही सापडायचा नाही. कुणी तहसीलमध्ये, कुणी कोर्टात, कुणी नांदेडला जिल्हा परिषदेत. गंजगोलाईजवळ कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचं इन्स्टिट्यूट होतं. बारा रेमिंग्टन मशीन, बारा डुगडुगती टेबलं आणि भिंतीवर एक घड्याळ. सकाळी सहाला खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. खालचा कापडवाला म्हणायचा, सर, तुमच्या मशीनमुळं माझं गिऱ्हाईक भाव बोललेलं मला ऐकू येत नाही. त्यावर पाशामियाँ म्हणायचे, मग तुमचा फायदाच हाय की.

त्यांचे नियम तीन. बोटं दहाही चालली पाहिजेत. नजर कागदावर, हातावर नाही. त्यासाठी बटणांवर पुठ्ठ्याचं झाकण असायचं. आणि तिसरा नियम त्यांचा स्वतःचा, सरकारी परीक्षेत नसलेला. पान संपलं की पोरानं आपल्या चुका आपणच मोजायच्या आणि खाली लिहायच्या. ‘चुका ५’, ‘चुका ११’, असं. मग सर लाल पेन्सिलीनं मोजणार. आकडा जुळला तर सही, मग चुका वीस का असेनात. आकडा कमी लिहिलेला निघाला तर एकच वाक्य: “पान पुन्हा काढा.” पुन्हा काढताना मूळ मजकुरातला एक शब्द गाळायचा नाही. चूक झाली म्हणून मध्येच थांबायचं नाही, खोडायचं नाही, त्यावर दुसरं अक्षर मारायचं नाही. पुढं चलायचं आणि शेवटी कबूल करायचं.

नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी ते एक तमाशा करायचे. मशीनसमोर बसायचे, आपल्या दोन्ही हातांवर खांद्यावरचा मोठा रुमाल टाकायचे आणि कुणातरी पोराला पेपर वाचायला सांगायचे. पोरगं वाचून थकायचं, रुमालाखालची खटखट थकायची नाही. कागद काढून फिरवला जायचा. त्यात वेलांटी चुकलेली कुणी दाखवली तर एक महिना फुकट शिकवीन, असं सरांचं बोलणं होतं, आणि ती पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. एका बोटानं टकटक करणाऱ्याला ते ‘कोंबडी’ म्हणायचे. दाणे टिपून राहिली बघा, म्हणायचे. सगळा वर्ग हसायचा.

तर अशा या माणसाचा उजवा हात फेब्रुवारीत गेला. नमाजाआधी वजू करताना तांब्या हातातून सुटला. बानोबी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अजी, जपून.” त्यांना वाटलं, म्हातारपण. पण पाशामियाँना तांब्या उचलता आला नाही आणि हाक मारायला गेले तर तोंडातून भलताच आवाज निघाला. लकव्याचा झटका होता. दवाखान्यातून आले ते उजवा हात गळ्यात अडकवून, आणि जीभ जड होऊन. घरातल्यांना त्यांचं बोलणं कळायचं, बाहेरच्यांना निम्मंच. पायांत हळूहळू जीव आला. हातात नाही आला.

त्यांनी बानोबींना सक्त ताकीद दिली, कुणाला सांगायचं नाही. भेटायला आलेल्यांना गुडघे धरलेत म्हणून सांगा. फोन आला तर झोपलेत म्हणून सांगा. बानोबी म्हणाल्या, “लकवा हाय, चोरी न्हाई केली तुम्ही.” पण पाशामियाँना ती चोरीच वाटत होती. सबंध आयुष्य ज्या दोन हातांवर नाव उभं केलं, त्यातला एक उशीसारखा मांडीवर पडलेला बघून त्यांना स्वतःचीच शरम यायची. पाहुणा दारात दिसला की ते आधी शाल ओढून घ्यायचे.

इन्स्टिट्यूट तसंही राहिलं नव्हतंच. कॉम्प्युटर आले, मशीनवरची परीक्षा बंद झाली, मशीन किलोच्या भावानं भंगारात गेल्या. त्याच हॉलमध्ये आता बायोलॉजीचा क्लास चालतो, दीडशे पोरं दाटीवाटीनं बसतात, आणि जिन्यावर गेल्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो लावलेत. पाशामियाँची नात मनतशा त्याच हॉलमध्ये नीटच्या तयारीला जाते. तिचे अब्बा, म्हणजे पाशामियाँचा मुलगा अमान, उदगीरला असतात. पोरीला क्लाससाठी आजी-आजोबांकडे ठेवलंय.

जूनमध्ये जळकोटच्या किशनरावांनी कुठून कुठून नंबर गोळा करून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव, ‘पाशा टायपिंग परिवार’. बघता बघता साठ-सत्तर जण जमले. कुणी निलंग्याचं, कुणी पार किनवटचं. किशनरावांनी पहिल्याच दिवशी लिहिलं, सर, या नालायकाला ओळखलंत का? मनतशानं मोबाईल दादांपुढं, म्हणजे आजोबांपुढं, धरला. दादा जड जिभेनं बोलले, तिनं दोन्ही अंगठ्यांनी सपासप टाइप केलं: ‘ओळखलं. तुम्ही डाव्या करंगळीचे आळशी.’ मेसेज पडतो न पडतो तोच टाळ्यांचा पाऊस. आणि कुणीतरी लिहिलं, ‘बघा रे, सरांचा स्पीड अजून तसाच!’

तिथंच सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण शाबासकी कुणाला कडू लागते? चार महिने कुणी दारी आलेलं चालत नव्हतं, त्या माणसाला एकाएकी सत्तर माणसं ‘सर, सर’ करत होती. पाशामियाँनी ते तसंच चालू दिलं. मग रोज संध्याकाळी क्लासवरून आली की मनतशा त्यांच्या खाटेवर बसायची, दादा सांगायचे, ती लिहायची. एक काना इकडचा तिकडं नाही. लोक म्हणायचे, सर ते सर. पाशामियाँ हसायचे, आणि पोरगी अभ्यासाला उठून गेली की तोंड भिंतीकडं करून पडून राहायचे.

त्या ग्रुपवर सगळ्यात जास्त मान होता शिवम्माला. नांदेडला अव्वल कारकून होती, पुढच्या वर्षी रिटायर व्हायची. भूकंपानंतरच्या थंडीत ती इन्स्टिट्यूटला आली होती. औश्याकडचं गाव, आई आणि धाकटा भाऊ मातीखाली गेलेले, राहायला पत्र्याचं शेड. भूकंपग्रस्तांना नोकरीत जागा निघणार म्हणून चुलत्यानं तिला टायपिंगला आणून सोडलं. पहिल्या दिवशी बारा मशीन एकदम सुरू झाल्या, पहिल्या मजल्याची फरशी थरथरली, आणि ही पोरगी चपला टाकून जिन्यावरून खाली पळाली. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरं हसायला लागली. पाशामियाँनी त्या पोरांना काय सुनावलं ते कुणाला आठवत नाही, पण त्या दुपारी त्यांनी सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबा आणल्या, कापून त्यांच्या घड्या केल्या आणि बाराही टेबलांच्या पायांखाली घातल्या. तिसऱ्या दिवशी फरशी गप्प होती. शिवम्मा बसली.

पण ती चुका लपवायची. वीस चुका झाल्या की पान चुरगाळून पिशवीत. एकदा पिशवी सांडली आणि निघाले पंधराएक बोळे. ती रडायला लागली तेव्हा पाशामियाँ म्हणाले, “चूक हाताची असते बेटा. लपवली की मनाची होते. हाताची चूक मी दुरुस्त करीन, मनाची मला जमत न्हाई.” हे वाक्य शिवम्मानं आपल्या हाताखालच्या पोरांना तीस वर्षं ऐकवलं, आणि ग्रुपवर आल्या आल्या पुन्हा लिहिलं. मनतशानं ते वाचून दाखवलं तेव्हा पाशामियाँनी पाणी मागितलं.

गणपती उठले आणि शिवम्माचा मेसेज आला. भूकंपाला तीस वर्षं होतायत, आमच्या बॅचची माणसं जमतोय, येत्या रविवारी लातुरात हॉल घेतलाय, सरांचा सत्कार. इथवर ठीक होतं. पुढं लिहिलं होतं: ‘किशनरावांनी भंगारवाल्याकडून आपल्याच इन्स्टिट्यूटची एक मशीन हुडकून काढली. तेल-पाणी केलंय. नवी रिबन घातली. सरांनी स्टेजवर बसून एकदा रुमाल टाकून दाखवायचा. आमची लेकरं येणार हायत, त्यांना बघू द्या.’

खाली मशीनचा फोटो. डावीकडच्या कोपऱ्यात टेबलावरून पडून आलेला पोचा पाशामियाँनी लगेच ओळखला.

मनतशा म्हणाली, “दादा, काय लिहू? येतो म्हणू?”

“ठेव,” पाशामियाँ म्हणाले. “मी बघतो.”

आता काय बघणार? नाही जावं तर गाडी घेऊन घरी येतील. जावं तर सत्तर माणसांसमोर, त्यांच्या लेकरांसमोर, मशीनपुढं बसवतील आणि रुमाल हातात देतील. दुसऱ्या दिवशी दुपारी बानोबी शेजारी गेल्या आणि मनतशा क्लासला, तेव्हा त्यांनी मोबाईल उशीवर टेकवला. पोरीनं एकदा त्यांच्यासाठी अक्षरांची पाटी बारीक करून डाव्या कडेला सरकवून ठेवली होती, एका हातानं लिहिणाऱ्यांसाठी तशी सोय असते म्हणून. तेव्हा त्यांनी ती झिडकारली होती. आज त्या पाटीवर डावा अंगठा ठेवला.

हसू येईल, पण त्यांना एकही अक्षर सापडेना. चाळीस वर्षं बोटांना माहीत होतं क कुठं आणि त कुठं; डोकं कधी विचारायला गेलंच नव्हतं. इथं सगळं बालवाडीच्या तक्त्यासारखं क, ख, ग, घ ओळीनं मांडलेलं, आणि एका अक्षराला हात लावला की वरची काना-मात्रांची ओळच बदलायची. अंगठा जाडा, घरं चिमुकली. वर मोबाईल आपणहून शब्द सुचवत होता, हा घ्या, तो घ्या. पाशामियाँना ते पटेना. शेजारच्याच्या पानात बघून लिहिल्यासारखं वाटलं. ते एकेक दाणा टिपत राहिले. कोंबडी, मनात म्हणाले. दिवस कलताना असरची अजान झाली तेव्हा कुठं एक ओळ झाली होती. ती वाचावी म्हणून मोबाईल उचलायला गेले आणि अंगठा पाठवायच्या बाणावर पडला.

‘यत्रवर बसनर नही हत चलत नाह’

ग्रुपवर आधी किशनरावांचे हसरे चेहरे. ‘सर, मोबाईल कोणाच्या हाती लागला?’ मग आणखी दोघं-तिघं हसले. मग शिवम्मा: ‘घरातल्या लेकरांनी सरांच्या मोबाईलशी खेळू नये. आमच्या सरांची एक वेलांटी चुकत नाही.’

पाशामियाँनी ते वाचलं आणि कान गरम झाले. खरं तेवढं पहिल्यांदाच लिहिलं होतं, आणि तेच खोटं ठरलं. दोष कुणाला द्यायचा? तीन महिने त्यांनीच लोकांना शिकवलं होतं सर कसे लिहितात ते.

संध्याकाळी मनतशानं ग्रुप उघडला, वाचलं, आणि कपाळाला हात लावला. “दादा, तुम्ही पाठवलं? थांबा, मी निस्तरते.” तिनं लिहून दाखवलं: ‘क्षमस्व. नातीनं गंमत म्हणून पाठवलं होतं. तिला समज दिली आहे.’ बाणावर अंगठा धरून तिनं विचारलं, “पाठवू?”

एक ‘नको’ म्हणायला जड जीभसुद्धा पुरली असती. पाशामियाँनी मान हलवली. हो.

मेसेज गेला. ‘असू द्या सर, लेकरू हाय’, ‘नातीला रागावू नका सर’, धडाधड उत्तरं आली. सगळे पुन्हा खूश. मनतशा मोबाईल चार्जिंगला लावायला उठली.

“तुझ्यावर ढकललं मी,” पाशामियाँ म्हणाले.

“त्यात काय, दादा?” ती सहज म्हणाली. “चालतंय. कुणाला कळून राहिलंय?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पोरगी हसत आत गेली, आणि पाशामियाँना वाटलं आपण उभे आहोत ती फरशीच थरथरतेय. सत्तर वर्षांत एवढी लाज त्यांना कशाचीच वाटली नव्हती. हात गेला तो अल्लाहची मर्जी. हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं. सगळ्या तालुक्यांच्या पोरांना चुका खाली लिहायला लावल्या आणि स्वतःची चूक घरातल्या पोरीच्या नावावर टाकली. वर ती पोरगी त्यातून काय शिकली तर, चालतंय.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी बानोबींना हाक मारली, पाठीमागं लोड लावून घेतला आणि मोबाईल मागितला. “पोरगी येऊ द्या की,” बानोबी म्हणाल्या. “नको,” ते म्हणाले. त्यांनी सवयीप्रमाणं पाठ ताठ केली, मेलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि डावा अंगठा उचलला. चूक झाली की खोडायचं बटण कोपऱ्यात होतं, मनतशानं दाखवलेलं. त्याला त्यांनी अंगठा लावला नाही. मशीनवर मारलेलं अक्षर पुसता येत नव्हतं, इथंही पुसायचं नाही.

ग्रुपच्या वरच्या कडेला, सगळ्यांच्या मोबाईलवर, ‘सर टायपिंग’ असं उमटलं असणार. कुणी सकाळचं फुलाचं चित्र टाकलं, कुणी हॉलचा पत्ता टाकला. ‘सर टायपिंग’ काही जाईना. किशनरावांनी विचारलं, ‘सर, भाषण लिहून राहिलात का?’ हळूहळू बाकीच्यांचं लिहिणं थांबलं. बानोबींनी भाजी निवडली, पीठ मळलं, पोळ्या केल्या. मनतशा शनिवारचा अर्धाच क्लास करून आली, दारातच थबकली आणि खाली बसली. शेवटची ओळ लिहून पाशामियाँनी चष्मा पुसला, सगळं एकदा वाचलं, मोजलं, खाली आकडा टाकला आणि पाठवलं.

‘मी पाशामियाँ टायपिंगवला. आतापर्यंतचे सरव मेसेज नतीने लिहिले, माझे म्हणून. त्या दिवशीचा चुकीचा तेवढा माझा होता, तिचा नाही. फेब्रुवारीत लकवा मारला. उजवा हत गेला. डाव्या अगठ्याने लिहितो. लपवले त्याची लज वाटते. रविवारी मशन ठेवू नका. मी येणार नाही. चुका ६.’

त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. आता जे यायचं ते येऊ दे. अरेरे सर, काळजी घ्या सर, देव करो आणि बरे व्हा सर. हात जोडलेली चित्रं येतील. त्याचीच त्यांना भीती होती. त्या दयेपेक्षा शिव्या बऱ्या.

बराच वेळ मोबाईल वाजलाच नाही. मग एकदाच वाजला. मनतशानं उचलला, वाचला आणि पुढं धरला. शिवम्मा होती.

‘सर, सात हायत. एक सुटली. पान पुन्हा काढा.’

पाशामियाँनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. आपला मेसेज शब्दाशब्दावर थांबत पुन्हा मोजला. बरोबर होतं. सातच होत्या. इतक्या दुरून, नांदेडच्या कुठल्याशा ऑफिसात की घरात बसून, त्या पोरीनं लाल पेन्सिल घेतल्यासारखं पान तपासलं होतं. हाताबद्दल एक शब्द नाही. लकव्याबद्दल नाही. बापाला बोलावं तसं नाही, सरांना बोलावं तसंही नाही. बाराव्या टेबलावरच्या पोराला बोलावं तसं ती बोलली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण मोकळा हात कामात होता.

“दादा, मी लिहू का?” मनतशानं हळूच विचारलं. “दमलात तुम्ही.”

“तू बस,” पाशामियाँ म्हणाले. “बघ.”

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी पाशामियाँ. टायपिंगवाला, या वेळी काना सापडला. ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. सत्तर माणसं आपापल्या गावी मोबाईल हातात धरून थांबली असावीत, पूर्वी एकाचं पान अडकलं की सगळी बॅच थांबायची तशी. नातीने, हात, अंगठ्याने, एकेक करून नीट उमटत गेलं. नवीन ठिकाणी नव्या चुका झाल्या, त्या त्यांनी राहू दिल्या. लाज वाटते, हे लिहिताना अंगठा जरा थांबला आणि पुढं गेला.

शेवटच्या ओळीला ते आले. मी येणार, एवढं लिहून झालं.

पान पुन्हा काढताना मूळ मजकुरातला शब्द गाळायचा नाही, हाही त्यांचाच नियम होता. तो त्यांनी त्या दुपारी मोडला. ‘येणार’पुढं पूर्णविराम दिला, आणि खाली लिहायला चुका मोजू लागले.